एका तारजोडीवर अनेक मापकें : मल्टिप्लेक्सर बोर्डाची ओळख, चालवणूक व दोषशोधन

कृष्णा, वारणा व येरळा या नद्यांच्या कांठीं उपशाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील बागाइतदारांस पंप, मोटार व स्टार्टर यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली, तेव्हांपासून लोखंडी नांगर व पुढें पंप हीं आपल्या भागांत घरचींच झालीं आहेत. परंतु अलीकडे पुष्कळ पंपघरांच्या भिंतीवर एक नवीन पेटी दिसूं लागली आहे. तिच्यांत वीतभर लांबीची हिरवी पाटी असते, पाटीच्या कडेस तारा अडकविण्याचे बारीक स्क्रू असतात आणि तांबडे-हिरवे दिवे लुकलुकत असतात. हिला मल्टिप्लेक्सर बोर्ड असें म्हणतात. पेटी बसविणारा कारागीर एकदां निघून गेला कीं तिला हात लावण्याचें धैर्य कोणी करीत नाहीं. आणि आंकडे येणें बंद पडलें म्हणजे ‘बोर्ड गेला’ असें ठरवून नवा बोर्ड आणण्यांत येतो. बहुतेक वेळां हा खर्च व्यर्थ असतो.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्ति घेतली. त्यानंतर गांवच्या उपसा पाणी संस्थेचें दप्तर अंगावर आल्यामुळें ही विद्या थोडीबहुत शिकावी लागली. लेखक इंजिनिअर नाहीं. म्हणूनच ज्या रीतीनें ती त्यास समजली, त्याच रीतीनें ती इतर शेतकरी बंधूंसही समजेल अशी आशा वाटते.

हा विषय आपल्या हिताचा कसा, असें कोणी विचारील. महसूल मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास तेथें अतिवृष्टि झाली असें धरतात, आणि नुकसानभरपाईचा विचार त्या आंकड्यावरून सुरू होतो. द्राक्ष व डाळिंब यांचा हवामानावर आधारलेला विमाही स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवरच अवलंबून असतो. जलसंपदा विभागानें कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीची पातळी आपोआप कळविणारीं केंद्रें उभारलीं आहेत. संस्थेची पाणीपट्टीही जेथें मीटरवर आकारतात, तेथें हीच गोष्ट. अर्थात् मापकानें जें मोजलें तें बिनचूक पोंचलें कीं नाहीं, आणि ज्याचें त्याच्याच नांवावर पोंचलें कीं नाहीं, हा आतां आपल्या पदराचा प्रश्न झाला आहे. सरकारी केंद्राच्या पेटीस आपण हात लावूं नये हें उघड आहे. पण आपल्या संस्थेच्या पेटीचें ज्ञान आपणांस असलेंच पाहिजे.

१. हें यंत्र करतें काय?

तालुक्याच्या कचेरींत निरनिराळ्या गांवांहून टपाल येतें. बारनिशी कारकून तें उघडतो, प्रत्येक कागद कोणाकडून आला तें आवक बारनिशींत लिहितो, त्यावर क्रमांक घालतो आणि एकामागून एक कागद पुढें पाठवितो. सर्व गांवचे अर्जदार एकाच वेळीं साहेबांच्या खोलींत शिरून बोलूं लागले, तर एकाचेंही म्हणणें ऐकूं जाणार नाहीं. मल्टिप्लेक्सर बोर्ड हा असा बारनिशी कारकूनच होय. अनेक मापकांची माहिती तो आपल्या निरनिराळ्या दारांनीं आंत घेतो, कोणती माहिती कोणत्या दारानें आली याची खूण तिच्या माथ्यावर घालतो, आणि सर्व माहिती एकाच तारजोडीनें किंवा मॉडेमनें बाहेर पाठवितो. कागदांत लिहिलेला मजकूर खरा कीं खोटा, हें जसें बारनिशी कारकून पाहत नाहीं, तसें हा बोर्डही पाहत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

‘सीरियल’ या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, अक्षरें एकामागून एक जातात. अरुंद पाणंदींतून जशा गाड्या ओळीनें जातात, दोन गाड्या शेजारीं शेजारीं जाऊं शकत नाहींत, तसाच हा प्रकार आहे. आणि एका पाटावर आठ शेतकरी असले म्हणजे जशी पाळी बांधून द्यावी लागते, तशी एका तारजोडीवर आठ मीटर असले म्हणजे त्यांच्या बोलण्याची पाळी बांधावी लागते. बोर्ड पाटकऱ्याप्रमाणें क्रमांक पुकारतो. ज्याचा क्रमांक पुकारला त्यानेंच उत्तर द्यावयाचें. इतरांनीं गप्प बसावयाचें.

ही युक्ति आजची नाहीं. फ्रान्स देशांत एमिल बोदो नांवाच्या तारखात्यांतील गृहस्थानें सन १८७४ मध्यें एकाच तारेवर अनेक तारमास्तरांस आळीपाळीनें काम करतां येईल अशी रचना सिद्ध केली. तींत एक फिरता कुंचा प्रत्येक मास्तराच्या पट्टीवरून क्रमानें जाई, आणि आपली पाळी येतांच मास्तरास आपलीं बोटें दाबावीं लागत. पाळी चुकली कीं अक्षर चुकलें. आपल्या देशांतील तारसेवा सन २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. पण बोदो यांचें नांव मात्र पंपघरांतील पेटींत आजही आहे, कारण अक्षरांच्या गतीचें ‘बॉड’ हें माप त्यांच्याच नांवावरून पडलें आहे.

२. पाटीवरील भाग

बोर्ड निरनिराळ्या कारखान्यांचे असले तरी मुख्य भाग सारखेच असतात.

(अ) वीजपुरवठ्याचे दोन स्क्रू. येथें बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश वीज लागते. जवळच फ्यूज असतो.

(आ) आंत येणारीं दारें, म्हणजे पोर्ट. आमच्या बोर्डास चार आहेत. पहिल्यावर जॅकवेलमधील पाण्याची पातळी मोजणारें मापक व विजेचा मीटर; दुसऱ्यावर पाइपलाइनीच्या आठ तोंडांवरील आठ पाणीमीटर; तिसऱ्यावर लहानसें हवामान केंद्र; चौथें मोकळें.

(इ) बाहेर जाणारें दार. यास मॉडेम जोडलेला असतो.

(ई) प्रत्येक दाराजवळ दोन दिवे. एक अक्षरें येतांना व दुसरा अक्षरें जातांना लुकलुकतो.

(उ) बारीक स्विचांची ओळ, किंवा लॅपटॉपवरून गति व क्रमांक ठरविण्याची सोय.

तारांचे दोन प्रकार प्रचारांत आहेत. एक आरएस-२३२, ही सन १९६० ची पद्धति. हिच्यांत साधारणतः १५ मीटरांपर्यंतच भरंवसा धरावा, म्हणून ती पेटीच्या आंतल्या आंत, बोर्ड ते मॉडेम इतक्याच कामास योग्य. दुसरी आरएस-४८५, ही सन १९८३ ची. हिच्यांत ‘ए’ व ‘बी’ अशा पीळ घातलेल्या दोन तारा असतात आणि माहिती त्या दोहोंमधील विजेच्या फरकावरून ओळखली जाते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्यामुळें फरक तसाच राहतो. या गुणामुळें ती सुमारें १,२०० मीटरांपर्यंत चालते व मूळ नियमाप्रमाणें एका जोडीवर ३२ यंत्रें बसतात. शेतांतील लांब ओळीस हीच घ्यावी.

३. चार करार

बोर्ड व मापक यांचें बोलणें जुळण्यास चार गोष्टींत एकमत लागतें. चारांपैकीं एक जरी मोडली तरी व्यवहार बंद पडतो.

पहिला करार गतीचा. दोघांनीं ९,६०० असें ठरविलें असेल तर दोघांसही तेंच पाहिजे. एक ९,६०० व दुसरा ४,८०० असल्यास अर्थहीन अक्षरें येतात, किंवा कांहींच येत नाहीं.

दुसरा करार अक्षराच्या मापाचा. एका अक्षरास आरंभाची एक खूण, माहितीच्या आठ खुणा, आणि शेवटाची एक खूण, मिळून दहा खुणा लागतात. कांहीं ठिकाणीं तपासणीची अकरावी खूण घालतात. ही दोन्हीकडे सारखी पाहिजे.

तिसरा करार क्रमांकाचा. मीटरांत बहुधा वापरली जाणारी मॉडबस नांवाची बोली सन १९७९ मध्यें निघाली. तिच्यांत प्रत्येक मापकास १ ते २४७ यांपैकीं एक क्रमांक देतात. एका ओळीवर एक क्रमांक एकासच असावा. एका गटनंबरास दोन सात-बारा निघाले तर जो अनर्थ होईल, तोच येथें होतो.

चौथा करार ताळ्याचा. शाळेंत गुणाकार केल्यावर आपण जसा ताळा पाहत असूं, तसा प्रत्येक निरोपाच्या शेवटीं मापक एक ताळा पाठवितें. बोर्ड किंवा पुढील यंत्र तो स्वतः काढून पाहतें. न जुळल्यास तो निरोप टाकून देतें. म्हणून तक्त्यांत कोरी जागा दिसली तर ती नेहमींच मौनाची नसते. पुष्कळदां ती न जुळलेल्या ताळ्याची असते.

४. चालविण्याची रीत

पेटी सुरू करतांना आधीं बोर्डास वीज द्यावी, मग एकेक दार जोडावें. एक दार जोडून त्याचे आंकडे नीट आले म्हणजेच दुसरें जोडावें. सर्व एकदम जोडल्यास दोष कोणत्या दारांत आहे हें कळत नाहीं.

बाहेरच्या दाराची गति ठरवितांना हिशेब करावा. ९,६०० गतीनें सेकंदास ९,६०० खुणा, म्हणजे दहा खुणांचें एक अक्षर धरून ९६० अक्षरें जातात. समजा, सर्व दारांनीं मिळून सेकंदास ३२० अक्षरें येत आहेत. बाहेरचें दार ९,६०० वर असेल तर तें सहज निभावेल. पण तेंच दार २,४०० वर ठेवलें तर सेकंदास २४० च अक्षरें बाहेर जातील व ८० मागें राहतील. बोर्डाच्या सांठवणींत १,००० अक्षरें मावत असतील तर साडेबारा सेकंदांत ती भरेल, आणि पुढें अक्षरें वाहून जातील. हौदास येणारी तोटी मोठी व जाणारी लहान असली म्हणजे हौद भरून वाहतो, त्यांतलाच हा प्रकार. याची खूण अशी कीं, आरंभीं सर्व ठीक चालतें आणि थोड्या वेळानें मधलेच निरोप गळूं लागतात. उपाय बोर्ड बदलण्याचा नव्हे. बाहेरची गति वाढवावी, नाहीं तर मापकांस कमी वेळां बोलवावें. ऊंसास पाणी देण्याच्या कामीं दर सेकंदाचा आंकडा काय करावयाचा? पांच मिनिटांनीं एकदां मिळाला तरी पुरे.

५. आमच्या संस्थेंतील एक अनुभव

येथें एक हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण ती घडली नसती तर हा लेख लिहिला गेला नसता.

आमच्या पाइपलाइनीच्या पहिल्या तोंडावर एका वृद्ध शेतकऱ्याचें दीड एकर ऊंसाचें रान आहे. गांव त्यांस तात्या म्हणतें. एका वर्षी मे महिन्याअखेर यंत्राच्या तक्त्यावरून पट्टी काढली, तों तात्यांच्या नांवावर ३,७२० घनमीटर पाणी निघालें. महिन्याच्या आरंभीं त्यांचा मीटर ४,२१० वर होता, अखेरीस तक्त्यांत ७,९३० लागला होता. वजाबाकी बरोबर होती, म्हणून मीं पट्टी लिहून टाकली. त्याच महिन्यांत खालच्या तोंडांस पाणी कमी पडल्याची तक्रार होती. झालें! तात्या रात्रीं चोरून पाणी घेतात, अशी कुजबूज सुरू झाली. चाळीस वर्षें ज्यांनीं कोणाच्या बांधाची काडी उचलली नाहीं, त्यांनीं संस्थेच्या बैठकीस येणें सोडलें.

एके दिवशीं ते पट्टीचा कागद घेऊन मजकडे आले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, एवढं पाणी माझ्या रानात उभं केलं असतं, तर उसात मासं पोहलं असतं की!” त्यांच्या त्या बोलण्यानें मी दचकलों व प्रथमच हिशेब करून पाहिला. दीड एकर म्हणजे सुमारें ६,०७० चौरस मीटर. त्यावर ३,७२० घनमीटर पाणी म्हणजे सबंध रानांत दोन फूट पाणी! तेवढें पाणी एका महिन्यांत त्या जमिनींत जिरणें शक्य नव्हतें. वजाबाकी बरोबर असूनही आंकडा खोटा होता.

मग बोर्डावर संशय गेला. दिवसा पहिल्या मीटरच्या नोंदी वारंवार कोऱ्या येत होत्या, आणि सहाव्या मीटरची तर एकही नोंद नव्हती. बोर्ड काढून शहरांत दाखविला. कारागिरानें ‘यांत दोष नाहीं’ असें सांगितलें. आमचा विश्वास बसला नाहीं. नवा बोर्ड आणून बसविला. दोष जसाच्या तसा! तेव्हां एके सकाळीं आठही मीटरांपर्यंत चालत गेलों आणि प्रत्येकाच्या कांचेवरील आंकडा डोळ्यांनीं वाचून वहींत लिहिला. पहिल्या मीटरवर ५,३४० च्या आसपास आंकडा होता. आणि यंत्राच्या तक्त्यांतील ७,९३० शीं जुळणारा आंकडा सांपडला तो सहाव्या मीटरवर!

उलगडा असा झाला. मे महिन्याच्या मध्यावर वळवाच्या पावसांत वीज पडून सहावा मीटर जळाला होता. त्या जागीं संस्थेच्या कोठींतील एक जुना मीटर घाईनें बसविण्यांत आला. त्याचा पाण्याचा आंकडा मुळांतच मोठा होता, आणि त्याचा क्रमांक ६ करावयाचा राहून गेला. तो कारखान्यांतून आला तसा १ च राहिला. आतां ओळीवर १ क्रमांकाचे दोन मीटर झाले. बोर्डानें ‘एक’ असें पुकारलें कीं दोघेही बोलत. अक्षरें एकमेकांवर पडून ताळा जुळत नसे व नोंद कोरी जाई. रात्रीं मात्र निराळेंच घडे. पहिला मीटर सौर पट्टीवरील बॅटरीवर चालतो. ती बॅटरी जुनी झाली होती व आभाळ भरून आल्यामुळें पुरती भरत नव्हती. रात्रीं तो मीटर झोंपी जाई, आणि १ या नांवानें सहावा एकटाच स्पष्ट उत्तर देई. आमचें यंत्र दिवसाची अखेर नोंद घेई मध्यरात्रीं! म्हणजे खोटी नोंदच नेमकी स्वच्छ, ताळा जुळलेली, पट्टींत येऊन बसली.

सहाव्याचा क्रमांक बदलण्यास पांच मिनिटें लागलीं. पट्टी दुरुस्त केली, व पुढील बैठकींत तात्यांस सन्मानानें बोलावून झालेली चूक सर्वांसमक्ष वाचून इतिवृत्तांत लिहिली. तो ठराव लिहितांना, कचेरींतील तीस वर्षांत न वाटलेली लाज मला वाटली. कारण चूक यंत्राची नव्हती. मीटर बदलल्याची नोंद कोणत्याही वहींत नव्हती, आणि दप्तर माझें होतें.

६. दोष शोधण्याचा क्रम

वरील अनुभवानंतर आम्ही पुढील क्रम ठरविला आहे. तो सोडून उडी मारूं नये. आरंभींच एक इशारा : स्टार्टरच्या पेटींत ४१५ व्होल्ट वीज असते. तिचा मुख्य स्विच पाडल्यावांचून व टेस्टरनें पाहिल्यावांचून आंत हात घालूं नये. शंका असल्यास वायरमनास बोलवावें.

पहिली पायरी, वीज. मल्टिमीटर घेऊन बोर्डाच्या स्क्रूंवरच व्होल्ट पाहावे. पुरवठ्याच्या डब्याजवळ पाहून समाधान मानूं नये. मॉडेम निरोप पाठवितो त्या क्षणीं १२ चे १० किंवा त्याहून खालीं येत असतील, तर बॅटरी अथवा पुरवठा दुबळा आहे. बोर्ड मधूनमधून स्वतःच बंद होऊन सुरू होत असेल तर बहुधा कारण हेंच.

दुसरी पायरी, दिवे. बोर्ड पुकारतांना जाण्याचा दिवा लुकलुकतो, पण येण्याचा लागत नाहीं. याचा अर्थ निरोप बाहेर जातो, उत्तर येत नाहीं. मग दोष तारेंत किंवा मापकांत. येण्याचा दिवा लागतो, पण आंकडा नाहीं. मग गति, अक्षराचें माप किंवा क्रमांक यांपैकीं एक करार मोडला आहे. दोन्ही दिवे सतत जळत राहिले तर एकादें मापक बिघडून अखंड बोलत आहे असें समजावें.

तिसरी पायरी, तारांची अदलाबदल. ए व बी या तारा उलट लागल्या तर ओळ मुकी होते. सर्व कारखाने हीं अक्षरें एकाच अर्थानें लिहीत नाहींत. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी असूं शकतो. एकच मापक मुकें असेल तर त्याच्या दोन तारा उलटून पाहाव्या. यानें कांहीं जळत नाहीं.

चौथी पायरी, ओळीचीं टोकें. आरएस-४८५ च्या ओळीस दोन्ही टोकांस, आणि फक्त टोकांसच, १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. तो नसेल तर टोकावरून अक्षरांचा पडसाद उलट येतो. पाहण्याची रीत अशी : सर्व वीज बंद करून बोर्डाजवळ ए व बी यांमधील ओहम मोजावे. दोन्ही रेझिस्टर असतील तर ६० च्या जवळपास, आणि तार लांब व बारीक असल्यास ७०-७५ पर्यंत आंकडा येईल. १२० किंवा त्याहून बराच अधिक आला तर एक टोक सुटलें आहे. अगदीं दोनचार ओहम आले तर दोन तारा कोठें तरी एकमेकींस चिकटल्या आहेत. तार एका मीटरपासून दुसऱ्याकडे अशी माळेप्रमाणें न्यावी. मधून लांब फांटे फोडूं नयेत.

पांचवी पायरी, ओळीचे दोन भाग करणें. पाइपलाइन फुटली व जागा दिसत नसली तर आपण मधला व्हॉल्व्ह बंद करून दोष वरच्या भागांत कीं खालच्या, हें पाहतों. तसेंच येथें करावें. चौथ्या मीटरजवळ ओळ सोडावी. पहिले चार बोलूं लागले तर दोष खालच्या चारांत. मग त्यांतही निम्मे. आठ मीटरांत तीन वेळां तोडलें कीं दोषी मीटर हातीं येतो.

सहावी पायरी, क्रमांक. प्रत्येक मीटर एकटा जोडून तो कोणत्या क्रमांकास उत्तर देतो हें पाहावें व वहीशीं ताडावें. विशेषतः नवा किंवा बदललेला मीटर ओळीवर घालण्यापूर्वीं ही पायरी कधींही टाळूं नये.

सातवी पायरी, बाहेरचें दार. मॉडेम काढून आरएस-२३२ च्या नऊ पिनांच्या जोडणींतील २ व ३ या पिना एका तारेनें जोडाव्या. लॅपटॉपवरून त्या तारेवर टंकलेलीं अक्षरें तशींच परत आलीं, तर तेथवरची तार निर्दोष आहे. न आलीं तर तार तुटली आहे.

या सात पायऱ्या संपल्यावरच बोर्डावर आरोप करावा. आमच्या अनुभवानें तेथपर्यंत जाण्याची वेळ क्वचित् येते.

७. वळीव, ओल, मुंग्या व पूर

आपल्या भागांत बोर्डाचे चार शत्रु आहेत. वळवाची वीज लांब तारेवरून पेटींत शिरते. म्हणून प्रत्येक लांब ओळीच्या तोंडाशीं विजेपासून रक्षण करणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा व त्याचें अर्थिंग चांगलें, ओलसर जमिनींत करावें. तारेवरील जाळी एकाच टोकास अर्थ करावी. दोन्हीकडे केल्यास दोन ठिकाणच्या जमिनींतील फरकानें तींतून वीज वाहूं लागते. माहितीची तार मोटारीच्या केबलीबरोबर एका चरांत टाकूं नये. निदान फूटभर दूर ठेवावी, आणि ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी. मोटार सुरू होतांच आंकडे गळतात, असें ज्यांचें गाऱ्हाणें असतें, त्यांनीं प्रथम हेंच पाहावें.

जॅकवेलवरील दमट हवेनें स्क्रूंवर हिरवा गंज चढतो. तारा पेटीच्या खालच्या बाजूनें घ्याव्या, म्हणजे पाणी ओघळून आंत जात नाहीं. उरलेलीं छिद्रें बुजवावीं. कारण उबेच्या ओढीनें मुंग्या व पाली आंत येतात, हें स्टार्टर वापरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. दिवाळीनंतर एकदां व मृगापूर्वीं एकदां पेटी उघडून कोरड्या कुंच्यानें साफ करावी व स्क्रू आवळावे.

पुराविषयीं अधिक सांगणें नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. सन २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. सन २००५ व २०२१ चे पूरही आपल्या स्मरणांत आहेत. पेटी बसवितांना आपल्या पंपघरावरील सन २०१९ ची पुराची रेघ पाहावी आणि पेटी तिच्या वर घ्यावी. तें शक्य नसेल तर बोर्डाच्या जोडण्या उपटून काढतां येतील अशा घ्याव्या, म्हणजे मोटार काढण्याच्या वेळींच बोर्डही पांच मिनिटांत घरीं नेतां येतो. तारा कोठल्या कोठें हें आठवणीवर सोडूं नये; प्रत्येकीस चिठ्ठी बांधावी.

८. एक वही

शेवटीं एकच आग्रहाचें सांगणें आहे. पंपघरांत एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवावी. तिच्यांत प्रत्येक मापकाचा क्रमांक, तें कोणाच्या रानांत आहे, त्याची गति, बसविल्याची तारीख आणि त्या दिवशींचा कांचेवरील आंकडा लिहावा. मीटर बदलला तर जुन्याचा अखेरचा व नव्याचा आरंभीचा आंकडा लिहून त्या शेतकऱ्याची सही घ्यावी. दर महिन्याअखेर एकानें सर्व मीटर डोळ्यांनीं वाचावे व यंत्राच्या तक्त्याशीं ताडून पाहावे. ज्या आंकड्यावर पट्टी काढावयाची, त्यास रानाच्या क्षेत्रानें भागून किती इंच पाणी होतें तें पाहावें. बागाइतदाराच्या बुद्धीस न पटणारा आंकडा यंत्रानें दिला म्हणून खरा मानूं नये.

मल्टिमीटर, १२० ओहमचे दोन रेझिस्टर, चार फ्यूज, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि ही वही, एवढा सरंजाम ज्या संस्थेजवळ आहे, तिला बाहेरच्या कारागिराची वाट पाहण्याचा प्रसंग थोडाच येईल. बोर्ड आपलें काम इमानानें करतो. आलेला कागद पुढें पाठवितो. तो कागद कोणाचा, हें ठरवून देण्याचें काम मात्र माणसाचें आहे, आणि तें आपण चोख केलें पाहिजे. कारण त्या कागदावर शेजाऱ्याच्या पाण्याचाच नव्हे, तर त्याच्या अब्रूचाही हिशेब लिहिलेला असतो.